हंसविणारा दाता

कांहीं माणसें अशीं असतात कीं, त्यांचा उल्लेख करतांना आपण नात्याचा शब्द वापरतों. आणि तें नातें रक्ताचें आहे कीं नाहीं, हा विचारहि मनाला शिवत नाहीं. पुरुषोत्तम लक्ष्मण देशपांडे हे अशा माणसांपैकीं एक होते. जवळच्या मंडळींत ते 'भाई' होते. आणि उरलेल्या महाराष्ट्रानें त्यांच्या नांवाचीं आद्याक्षरें उचलून 'पु. ल.' हेंच त्यांचें घरगुती नांव करून टाकलें. ८ नोव्हेंबर १९१९ रोजीं मुंबईंत त्यांचा जन्म झाला आणि १२ जून २००० रोजीं पुण्यांत त्यांनीं देह ठेवला. त्या दिवशीं, ज्या घरांचा उंबरठा त्यांनीं कधीं ओलांडला नव्हता, अशा असंख्य घरांतून आपलें माणूस गेल्याचें दुःख झालें. अशा माणसाचें स्मरण कसें करावें, हा आजच्या माझ्या भाषणाचा विषय आहे.

आज त्यांचें स्मरण मुख्यतः कोणत्या रूपानें होतें? चार स्नेही एकत्र जमले कीं, कोणी तरी पुलंचें नांव घेऊन एखादी कोटी सांगतो, सगळे हंसतात, आणि मंडळी पांगतात. पुष्कळदां ती कोटी त्यांची नसतेहि. परंतु ज्याची पेढी मोठी, त्याच्या नांवावर इतरांच्या हुंड्याहि वटतात, ही जगाची रीतच आहे. यांत गैर असें कांहीं नाहीं. जो माणूस आपल्या मागेंहि घरोघरीं हंसें पिकवितो, त्याचें भाग्य थोरच मानलें पाहिजे. पण मला एक धास्ती वाटते. कोट्या तेवढ्या उरल्या आणि त्या कोट्या करणारें मन विस्मृतींत गेलें, तर ओंजळींत फुलें राहतील आणि अंगणांतलें झाड मात्र जाईल. पुलंच्या विनोदामागें एक विशिष्ट तऱ्हेचें जगणें होतें. त्यांत नवनिर्मिति होती, देशोदेशींची भ्रमंती होती, आणि हात आंखडता न घेतां देणें होतें. या तीन गोष्टी आपण सहसा निरनिराळ्या समजतों. माझें म्हणणें असें कीं, पुलंच्या ठायीं या तिन्हींचें मूळ एकच होतें.

प्रथम निर्मितीची गोष्ट घेऊं. १९५३ सालीं 'गुळाचा गणपती' हा बोलपट निघाला. त्याची कथा पुलंची, दिग्दर्शन पुलंचें, संगीत पुलंचें, आणि नायकाची भूमिकाहि पुलंचीच. त्या बोलपटांत भीमसेन जोशी यांनीं गायिलेलें इंद्रायणीकांठच्या आळंदीचें एक गीत आहे. आज तें ठिकठिकाणीं जुन्या अभंगाच्या भक्तीनें ऐकलें जातें. तें ग. दि. माडगूळकरांनीं लिहिलें आणि एका विनोदी लेखकानें त्याला चाल दिली, हें ऐकणारांपैकीं किती जणांच्या ध्यानांत असतें? त्याच वर्षींच्या 'देवबाप्पा' या बोलपटांतलें, मोराला नाचावयास सांगणारें बालगीत तर आज आजीपासून नातवापर्यंत सर्वांना तोंडपाठ आहे. त्याची चालहि पुलंचीच. कलावंताचें नांव गळून पडावें आणि कृति मात्र लोकांच्या ओठीं राहावी, यापरतें यश तें कोणतें!

नाटकांतहि हाच प्रकार. गोगोल या रशियन लेखकाच्या नाटकावरून त्यांनीं 'अंमलदार' केलें, शॉच्या 'पिग्मॅलियन'वरून १९७५ सालीं 'ती फुलराणी' केलें, आणि ब्रेख्तच्या नाटकावरून 'तीन पैशाचा तमाशा' रंगभूमीवर आणला. हेमिंग्वेची वृद्ध कोळ्याची कथा त्यांनीं 'एका कोळियाने' या नांवानें मराठींत आणली. परदेशी वस्तु आणून दिवाणखान्यांत मांडून ठेवण्याची ही हौस नव्हे. शॉच्या नाटकाचा प्राण म्हणजे लंडनमधील उच्चारभेद; तो मराठींत यावयाचा तर आपल्या बोलींचे हेलकावे ओळखणारा कान हवा. असा कान केवळ ग्रंथवाचनानें तयार होत नाहीं. त्यासाठीं माणसांत बसावें लागतें, आणि त्यांचें बोलणें मध्येंच न तोडतां ऐकावें लागतें.

हें ऐकणें पुलंना फार लवकर साधलें. त्यांचें बालपण जोगेश्वरी आणि पार्लें या मुंबईच्या उपनगरांत गेलें. मातामह वामन मंगेश दुभाषी हे 'ऋग्वेदी' या नांवानें लिहीत, आणि रवींद्रनाथांची 'गीतांजलि' त्यांनीं अभंगरूपानें मराठींत आणली होती. घरांत पेटी होती, गाणें होतें. पुढें वडील निवर्तल्यावर संसाराचा भार तरुण वयांतच अंगावर आला. शिकवण्या, शाळामास्तरकी, महाविद्यालयांतील अध्यापन, नाटक, बोलपट अशीं अनेक दारें त्यांनीं ठोठावलीं. १९५५ सालीं ते पुण्याच्या नभोवाणी केंद्रांत दाखल झाले, आणि १९५९ सालीं दिल्लींत दूरदर्शनाचा आरंभ झाला त्या वेळीं तेथील उभारणींतहि त्यांचा हात होता. ध्वनिक्षेपकापुढें बसून न दिसणाऱ्या श्रोत्याशीं घरच्यासारखें बोलण्याची कला त्यांना उत्तम अवगत होती. सभेंतल्या श्रोत्याला वक्ता आवाजानें जिंकूं शकतो. घरांत बसलेल्या श्रोत्याला मात्र आपलेपणानेंच जिंकावें लागतें, हें मर्म त्यांना पुरतें कळलें होतें.

त्यांच्या लिहिण्याचें मर्महि हेंच. 'व्यक्ति आणि वल्ली' या पुस्तकाला १९६५ चा साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. या पुस्तकांत राजे, मुत्सद्दी, कोट्यधीश यांना स्थान नाहीं. तेथें रत्नागिरीचा अंतू बर्वा आहे, शाळेंत जन्म घालविलेले चितळे मास्तर आहेत, पुस्तकांच्या भाषेंत बोलणारा सखाराम गटणे आहे. आणि तेथें नारायण आहे. लग्नघरीं सगळ्यांसाठीं राबणारा, कोणतेंहि काम पडलें कीं ज्याच्या नांवानें हांक मारली जाते, आणि कार्य पार पडल्यावर जो कोणाच्या ध्यानांतहि राहत नाहीं, असा हा नारायण आपणां प्रत्येकाच्या गोतावळ्यांत आहे. पुलंच्या पूर्वींहि तो होता. परंतु त्याच्याकडे वळून पाहणारा कोणी नव्हता. दुसऱ्याच्या कार्यासाठीं झिजणाऱ्या आणि मानपानांत ज्याचें नांव येत नाहीं अशा माणसाकडे ज्याचें लक्ष जातें, त्याच्या विनोदाचें मूळ उपहासांत नसतें. तें कृतज्ञतेंत असतें.

आतां प्रवासाकडे वळूं. १९६० सालीं 'अपूर्वाई' हें पुस्तक प्रसिद्ध झालें. इंग्लंड व युरोपखंडाच्या प्रवासाची ती हकीकत आहे. १९६३ सालीं 'पूर्वरंग' आलें. त्यांत आग्नेय आशियांतील देश आणि जपान आहेत. या पुस्तकांत थट्टेचा विषय बहुधा स्वतः प्रवासीच असतो. परक्या देशांतल्या चालीरीतींपुढें गोंधळलेला, भाषा न कळल्यानें अडखळलेला आणि घरच्या जेवणाच्या आठवणीनें व्याकुळ झालेला मध्यमवर्गीय मराठी गृहस्थ त्यांनीं असा रंगविला कीं, ज्यांनीं जन्मांत बोट पाहिली नाहीं त्यांनाहि आपणच तो प्रवास केला असें वाटावें. परदेशगमन ही तेव्हां थोड्यांच्याच वाट्यास येणारी गोष्ट होती. ती मिळाली म्हणून त्यांनीं मिरविली नाहीं. घरीं परतलेल्या माणसानें खाऊची पुडी सोडून सर्वांपुढें ठेवावी, तशी ती वाटून टाकली.

परंतु त्यांच्या सर्व प्रवासांत मला जो विशेष मोलाचा वाटतो, तो विलायतेचा नव्हे, बंगालचा. वयाची पन्नाशी उलटल्यावर, साऱ्या महाराष्ट्रानें डोक्यावर घेतलेला हा लेखक १९७० सालीं शांतिनिकेतनांत जाऊन राहिला. हेतु इतकाच कीं, बंगाली भाषा नीट शिकावी आणि रवींद्रनाथ त्यांच्याच भाषेंत वाचावे. मातामहांनीं ज्या 'गीतांजली'चे अभंग केले, तिच्या मुळापर्यंत नातू असा जाऊन पोंचला. या मुक्कामाचें फळ म्हणजे 'वंगचित्रे' हें पुस्तक. पन्नाशीनंतर माणूस सहसा शिकवूं लागतो. त्या वयांत पुन्हां पाटी हातीं घेऊन मुळाक्षरें गिरवावयास बसणें सोपें नाहीं. मानसन्मान, नांव, ओळख हीं सगळीं वस्त्रें उतरवून ठेवल्याखेरीज विद्यार्थी होतां येत नाहीं. प्रवासाचा खरा अर्थ पुलंनीं येथें दाखवून दिला. दुसऱ्याच्या गांवीं आपला मोठेपणा घेऊन जाणें हा प्रवास नव्हे. आपलें रिकामें भांडें घेऊन तेथें जावें आणि तें भरून परत यावें, हा प्रवास.

आणि भरलेलें भांडें घेऊन परत आलेला मनुष्य काय करतो, यावरून त्याची पारख होते. पुलंच्या पुस्तकांचीं नांवें पाहिलीं तरी उत्तर मिळतें: 'गणगोत', 'गुण गाईन आवडी', 'मैत्र'. हीं तिन्ही पुस्तकें दुसऱ्यांविषयीं आहेत. आवडलेल्या माणसांचे गुण गाण्यासाठीं तीं लिहिलेलीं आहेत. वसंतराव देशपांडे, कुमार गंधर्व, मल्लिकार्जुन मन्सूर यांच्या गाण्यावर त्यांनीं जीव टाकला, आणि ज्यांना गाण्यांतलें कांहीं कळत नव्हतें अशांनाहि त्या गाण्याच्या दारापर्यंत बोट धरून नेलें. पुढें तर त्यांनीं आणि सुनीताबाईंनीं मिळून कवितावाचनाचे कार्यक्रम केले. त्यांत गोमंतकाचे कवि बा. भ. बोरकर होते, आणि दुर्बोध म्हणून ज्यांच्याकडे पाठ फिरविली जाई ते बा. सी. मर्ढेकर होते. थोडा विचार करा. पुलंच्या नुसत्या नांवावर नाट्यगृह भरत असे. त्या गर्दीपुढें त्यांनीं स्वतःचे विनोद न ठेवतां दुसऱ्यांच्या कविता ठेवल्या. आपली टाळी दुसऱ्याच्या पदरीं घालणें, हें द्रव्यदानापेक्षांहि अवघड दान आहे. कलावंताला तर विशेषच अवघड.

द्रव्यदानाची कथाहि तितकीच हृद्य आहे. १९६१ सालापासून 'बटाट्याची चाळ'चे एकपात्री प्रयोग सुरू झाले. एक मनुष्य रंगमंचावर उभा राहून सबंध चाळ उभी करतो, हा चमत्कार पाहण्यास लोकांची रीघ लागली. 'वाऱ्यावरची वरात', 'असा मी असामी' यांनाहि तोच प्रतिसाद मिळाला. लिहून आणि बोलून मराठी माणसाला इतका पैसा क्वचितच मिळाला असेल. या दांपत्यानें त्याचें काय केलें? त्यांनीं 'पु. ल. देशपांडे प्रतिष्ठान' स्थापन केलें, आणि प्रयोगांतून व पुस्तकांतून येणाऱ्या द्रव्याचा ओघ त्या वाटेनें समाजाकडे वळविला. वरोऱ्याजवळ बाबा आमट्यांनीं महारोग्यांसाठीं उभारलेल्या आनंदवनाशीं त्यांचा दीर्घकाळ जिव्हाळा होता. पुढें डॉ. अनिल अवचट यांनीं 'गर्द' या मादक द्रव्याच्या पाशांत सांपडलेल्या तरुणांविषयीं लेख लिहिले. ते वाचून पति-पत्नी अस्वस्थ झालीं, आणि अशा रुग्णांसाठीं कांहीं करावें म्हणून त्यांनीं आपण होऊन मदतीचा हात पुढें केला. त्यांतूनच १९८६ सालीं डॉ. अवचट आणि त्यांच्या पत्नी डॉ. अनिता अवचट यांच्या हातून पुण्यांत 'मुक्तांगण' हें व्यसनमुक्तिकेंद्र उभें राहिलें.

येथें एक गोष्ट ध्यानांत घेण्याजोगी आहे. व्यसनी माणसाविषयीं सहानुभूति वाटणें सोपें नसतें. अनाथ बालकासाठीं, आंधळ्यासाठीं लोकांचे हात खिशाकडे जातात. पण ज्यानें आपल्या हातानें आपला नाश ओढवून घेतला, त्याच्यासाठीं कोण देणार? तेथें दात्याला आधीं न्यायाधीशाचें आसन सोडावें लागतें. ज्यानें जन्मभर माणसांच्या दोषांकडे हंसून पाहिलें, त्यालाच तें आसन सहज सोडतां आलें. विनोदबुद्धि आणि दयाबुद्धि या सख्ख्या बहिणी आहेत, ही गोष्ट ग्रंथांत वाचून पटत नाहीं; अशा उदाहरणानें पटते.

पुलंच्या पश्चात् सुनीताबाईंनीं हा प्रवाह आटूं दिला नाहीं. पुण्यांत आयुका या खगोलविज्ञानाच्या संस्थेच्या आवारांत मुलांसाठीं विज्ञानशोधिका उभी राहिली, ती पुलंच्या स्मरणार्थ दिलेल्या देणगींतून. तिचेंहि नांव 'मुक्तांगण' असेंच आहे, आणि इमारतीचें नांव 'पुलस्त्य'. सप्तर्षींतल्या एका ताऱ्याचें हें नांव. पण त्यांत 'पुल' हीं अक्षरें अशीं कांहीं दडून बसलीं आहेत कीं, कोट्या करणाऱ्या माणसाचें स्मारक यापेक्षां योग्य रीतीनें करतां आलें नसतें. पुतळ्याऐवजीं येथें मुलें हातानें प्रयोग करतात, दुर्बिणीला डोळा लावतात आणि प्रश्न विचारतात.

सुनीताबाईंचा उल्लेख आला तो ओघानें आला असें कोणी समजूं नये. त्यांच्यावांचून ही कथा उभीच राहत नाहीं. बेचाळीसच्या चळवळींत पडलेली ही रत्नागिरीची तेजस्वी मुलगी १२ जून १९४६ रोजीं पुलंशीं विवाहबद्ध झाली. प्रयोगांची शिस्त, व्यवहारांतला काटेकोरपणा, घरांतली काटकसर हें सारें त्यांनीं सांभाळलें. देण्याचा उत्साह पुष्कळांना येतो. पण देण्यासाठीं आधीं जें राखावें लागतें, तें राखण्याचें नावडतें काम करण्यास फार थोडे तयार होतात. १९९० सालीं प्रसिद्ध झालेल्या 'आहे मनोहर तरी' या पुस्तकांत त्यांनीं आपल्या सहजीवनाचा पोकळ गौरव न करतां त्यांतले सल, रुसवे, एकाकीपण हेंहि निर्भीडपणें मांडलें. म्हणून या दोघांच्या दातृत्वाची गोष्ट पुराणांतल्या गोष्टीसारखी गुळगुळीत वाटत नाहीं. तीं दोन स्वतंत्र बाण्याचीं, क्वचित् एकमेकांशीं न पटणारीं माणसें होतीं. आणि तरीहि देण्याच्या बाबतींत त्यांचें एकमत होतें.

देणें म्हणजे केवळ पैसा देणें नव्हे. प्रसंगीं आपली लोकप्रियताहि पणास लावावी लागते. १९७५ सालीं देशांत आणीबाणी पुकारली गेली. सर्वांना प्रिय असलेल्या लेखकानें गप्प राहणें हें त्या वेळीं सोयीचें होतें. परंतु १९७७ च्या निवडणुकींत पुलं सभांतून उभे राहिले आणि लोकांच्या स्वातंत्र्यासाठीं त्यांनीं आपली वाणी खर्चीं घातली. ज्याला सगळे हंसविणारा म्हणून ओळखत होते, त्याच्या शब्दांना धारहि आहे, हें तेव्हां दिसून आलें.

'तुझे आहे तुजपाशी' हें त्यांचें १९५७ चें नाटक आपणांपैकीं अनेकांनीं पाहिलें असेल. इंदूरच्या एका वाड्यांत एकीकडे जीवनाचा मनसोक्त आस्वाद घेणारे काकाजी, आणि दुसरीकडे विरक्तीचा उपदेश करणारे आचार्य, असा त्यांत सामना आहे. प्रेक्षकांचा ओढा काकाजींकडे असतो, आणि नाटककाराचाहि आहे. पण पुलंच्या स्वतःच्या आयुष्याकडे पाहिलें म्हणजे वाटतें, त्यांनीं हा वाद निराळ्याच रीतीनें मिटविला. उत्तम गाणें, उत्तम भोजन, उत्तम गप्पा, देशोदेशींचे रस्ते या सर्वांचा त्यांनीं काकाजींसारखा रस घेतला. आणि आचार्य ज्या निःसंगपणाचा उपदेश करतात, तो उपदेश न करतां आचरणांत आणला. जगाचा आनंद घ्यावा, पण त्याची मालकी सांगूं नये, असें तें जगणें होतें. त्यागाचा डामडौल नाहीं, आणि भोगाची हांवहि नाहीं. आरंभीं मीं ज्या एका मुळाविषयीं बोललों, तें हेंच. दुसऱ्यांत जें चांगलें दिसेल त्यानें हरखून जाण्याची शक्ति त्यांच्या ठायीं होती. त्या शक्तीनें लेखणी चालविली, त्याच शक्तीनें पाय देशोदेशीं नेले, आणि त्याच शक्तीनें हात मोकळा ठेवला.

अखेरच्या वर्षांत कंपवातानें त्यांना जखडलें. पेटीवर लीलेनें फिरलेलीं बोटें थरथरूं लागलीं. लग्नाला बरोबर चौपन्न वर्षें झालीं, त्याच दिवशीं त्यांनीं या जगाचा निरोप घेतला. सुनीताबाई गेल्या त्या ७ नोव्हेंबर २००९ रोजीं, पुलंच्या जन्मदिवसाच्या आदल्या दिवशीं. तारखांच्या या जुळणीला योगायोग म्हणावें. परंतु ज्यांनीं त्या दोघांवर प्रेम केलें, त्यांचें मन तेवढ्यावर थांबत नाहीं.

अशा माणसाचें ऋण कसें फेडावें? त्यांच्या ध्वनिमुद्रिका जरूर ऐकाव्या, पुस्तकें पुन्हां पुन्हां वाचावीं, पोट धरून हंसावें. परंतु हंसून झाल्यावर, आपल्या घरच्या कार्यांत राबणारा नारायण जेवला कीं नाहीं, हें एकदां पाहावें. शेजारच्या प्रांताची भाषा शिकावीशी वाटली तर वयाचें निमित्त सांगूं नये. दुसऱ्याचें गाणें आवडलें तर तें चार जणांना बोलावून ऐकवावें. आणि देण्यासारखें जें कांहीं आपल्यापाशीं असेल, तें देतांना घेणाऱ्याची मान खालीं जाणार नाहीं अशा रीतीनें, जमल्यास त्याला थोडें हंसवून, द्यावें. इतकें ज्या घरांत होईल, त्या घरीं भाई कधीं आले नसले तरी ते तेथलेच होते, असें खुशाल समजावें.